नैसर्गिक निवड ही ‘नुसती थिअरी’ आहे का? आणि परातीत, धान्यावर दाखवता येते का?

मलप्रभाकाठ

खानापूर भागातल्या मराठी माध्यमाच्या दहावीच्या वर्गाला नैसर्गिक निवड शिकवायची आहे. हातात दोनच तासिका. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळल्यावरून २०२३ साली बराच गदारोळ झाला, त्यानंतर पालकही विचारतात की हे नक्की सिद्ध झालंय की नाही. मुलांचं म्हणणं तर सरळ आहे: “बाई, ही थिअरी झाली. प्रॅक्टिकल कुठं आहे?”

तर दोन गोष्टी हव्या आहेत. सिद्धांत म्हणजे काय, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पटेल असं कसं सांगायचं? आणि प्रयोगशाळा नसताना, पराती, माती, धान्य एवढ्यावर होईल असा प्रयोग कुठला? आकडे येतील असाच हवा, नुसता खेळ नको. वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत. “अळीला औषधाची सवय लागते” हे उदाहरण घ्यावं का, की त्यानं गोंधळच वाढेल?

---

मार्कंडेय

बाई, आधी शब्दांचा गुंता सोडवा, तो आपल्याच भाषेनं घातलाय.

मुलांच्या लेखी थिअरी म्हणजे प्रॅक्टिकलच्या उलटं ते, वहीत उतरवायचं. मोठ्यांच्या लेखी थिअरी म्हणजे चहाच्या गाड्यावर मांडलेला तर्क. त्यात जुन्या पुस्तकांनी ‘उत्क्रांतिवाद’ म्हणून ठेवलंय, आणि बेळगावात ‘वाद’ म्हटलं की एकच वाद डोळ्यांपुढं येतो, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलेला सीमावाद. म्हणजे अजून निकाल लागायचाय, असाच अर्थ पोरं घेणार. विज्ञानात तर्काला ‘गृहीतक’ म्हणतात. ‘सिद्धांत’ म्हणजे अनेक निरीक्षणांचं कारण सांगणारी, चुकीची ठरण्याची पुरेपूर संधी देऊनही टिकलेली मांडणी. गृहीतकाला बढती मिळून सिद्धांत आणि सिद्धांताला बढती मिळून नियम, असा जिना नसतो. नियम ‘काय होतं’ ते सांगतो, सिद्धांत ‘का होतं’ ते सांगतो.

‘उत्क्रांती’ शब्दातही खोट आहे. ‘उत्’ म्हणजे वर. त्यामुळं खालून वर चढत जाणारी शिडी डोळ्यांसमोर येते आणि शेवटच्या पायरीवर अर्थातच आपण. शेजारच्या कन्नड शाळेत ‘विकासवाद’ शिकवतात, तिथंही तोच घोटाळा. आणि ‘निवड’ म्हटलं की कुणीतरी तांदूळ निवडत बसलंय असं वाटतं. त्यापेक्षा चाळण म्हणा. कुठला दाणा हवा हे चाळणीला ठाऊक नसतं, तिला भोकं असतात एवढंच.

आता गाभा. तीन अटी फळ्यावर लिहा. एकाच जातीच्या जीवांत फरक असतात. त्यातले काही फरक आईबापांकडून पोरांकडे जातात. आणि त्या फरकांमुळं कुणाची पिल्लं जास्त उरतात, कुणाची कमी. तिन्ही अटी लागू असतील तर पुढच्या पिढीत प्रमाण बदलणारच, ते टळत नाही. हा झाला हिशेब. विज्ञानाचं खरं काम पुढं आहे: या तीन अटी जिवंत प्राण्यांत खरंच लागू आहेत का, हे एकेक करून मोजणं.

ते कसं मोजतात हे दाखवायला गालापागोस बेटांमधल्या डॅफ्ने मेजर या टीचभर बेटावरचं काम घ्या. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्यानं तिथं १९७३ पासून फिंच पक्ष्यांना पायात रंगीत कडी घालून एकेकाची नोंद ठेवली. पहिली अट: चोचीची जाडी प्रत्येकाची वेगळी, कॅलिपरनं मोजलेली. दुसरी अट: पिल्लांची चोच आईबापांच्या चोचीशी ताडून पाहिली, जाड चोचीच्यांची पिल्लं जाड चोचीची निघाली. तिसरी अट १९७७ च्या दुष्काळानं आपणहून तपासली. मऊ, बारीक बिया संपल्या. उरलं ते गोखरूच्या जातकुळीतलं टणक काटेरी फळ, जे बारीक चोचीनं फुटत नाही. तिथल्या मध्यम आकाराच्या फिंच जातीची संख्या सुमारे १२०० वरून १८० वर आली. दुष्काळानंतर जन्मलेल्या पिढीच्या चोचीची सरासरी जाडी जवळपास अर्ध्या मिलिमीटरनं वाढलेली होती.

इथं थांबू नका. १९८३ साली एल निनोमुळं तिथं धो धो पाऊस पडला, बारीक बियांचं रान माजलं आणि त्यानंतरच्या वर्षांत निवड उलट फिरली, बारीक चोचीच्या बाजूनं. शिडी असती तर हे झालं नसतं. अर्ध्या मिलिमीटरला पोरं हसतील, त्यांना पट्टीवर अर्धा मिलिमीटर दाखवा आणि सांगा, हा एका दुष्काळाचा हिशेब आहे.

“चुकीचं ठरवायचं कसं?” हा प्रश्न मात्र वर्गात यायलाच हवा. डार्विननं १८५९ च्या पुस्तकात स्वतःच्या सिद्धांताला लागू पडेल अशी एक कसोटी लिहून ठेवली आहे: एखाद्या जातीच्या अंगावरचा एखादा भाग केवळ दुसऱ्या जातीच्या भल्यासाठी घडलाय असं दाखवा, माझा सिद्धांत मोडला. फुलातला मध दाखवाल तर तो फुलाच्याही कामाचा, परागकण पोचतात. एखादं हुशार पोर गाईच्या दुधाचं नाव घेईलच. दूध वासरासाठी असतं. ते बादलीभर झालं ते माणसानं पिढ्यान्‌पिढ्या जास्त दुधाच्याच गाई राखल्यामुळं, म्हणजे तिथं निवडणारा खरोखरच होता.

माकडांचा प्रश्न (“माणूस झाला तर माकडं अजून का?”) दोन वाक्यांत मिटवा. आजची माकडं आपले आजोबा नव्हेत, चुलत घराणं आहे. चुलते आहेत म्हणून आपण नाही, असं कुणी म्हणत नाही.

---

वेदगंगा

प्रयोगाचं मी सांगतो. निपाणीकडं दुकानात मिळतंय तेच तुमच्याकडं मिळतंय, खर्च फारसा नाही.

धान्य तीन: उडीद (सालीसकट, काळे), मटकी आणि हिरवे मूग. हीच का, तर तिन्हींचा आकार जवळजवळ सारखा. पुष्कळ ठिकाणी राजमा, चवळी, मसूर एकत्र करतात, तिथंच प्रयोग बिघडतो. मोठा दाणा बोटाला आधी लागतो, मग तुम्ही रंगाची निवड मोजत नाही, आकाराची मोजता. स्वयंपाकाचंच धान्य घ्या. बियाण्याच्या पाकिटातलं नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

माती दोन प्रकारची. खानापूरची तांबडी आणि बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी. काळी कुणाच्या पाहुण्यांकडून पिशवीभर मागवा. माती वाळलेली पाहिजे. ओली असली तर दाण्यांना चिकटती आणि मूगही तांबडा दिसायला लागतोय. मैद्यासारखी चाळू पण नका. बारीक धुळीवर दाणा वर तरंगतोय, त्याची सावली पडते आणि सगळेच दाणे सारखे दिसतेत. ज्वारीच्या दाण्याएवढी खडी ढेकळं राहिली पाहिजेत, दाणा त्यात लपला पाहिजे. थर बोटभर, परात मोठी, दीड फुटाची.

आता कृती. एका परातीत ६० दाणे: तिन्ही २०-२०. मातीत विखरून हलकं हलवायचं. चार मुलं ‘पाखरं’. त्यांनी मिळून बरोबर ३० दाणे वेचायचे. वेळ लावू नका, संख्या लावा. “वीस सेकंदांत जमेल तेवढे” म्हटलं की प्रत्येक परातीत वेगळा आकडा येतोय आणि पुढचा हिशेब बसत नाही. एका वेळी एकच दाणा, चिमटीत धरून. प्रत्येक दाण्यामागं मान वळवून मागच्या वाटीत टाकायचा. हे सक्तीचं करा, नाहीतर पोरं एकाच नजरेत दहा दाणे हेरून ठेवतात.

वेचलेले मोजले की उरलेले आपोआप कळले, वजाबाकी. मातीत शोधत बसायचं नाही. उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच रंगाचं एक पोर, म्हणजे उरलेल्यांची दुप्पट, परत ६०. पुढच्या पिढीला ताजी माती आणि ताजे दाणे मोजून टाका. तेच दाणे परत वापरले तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला सगळ्यांवर धूळ बसलेली असते आणि उडीद पण मटकीसारखा दिसतोय. हे लक्षात येत नाही आणि मग मास्तर म्हणतेत, निवड थांबली.

काळ्या परातीचा एक नमुना हिशेब देतो, हा आकडा कुठल्या वर्गातला नव्हे, समजायला आहे. समजा पहिल्या फेरीत उडीद १५ उरले, मटकी ९, मूग ६. दुप्पट केले: ३०, १८, १२. मग उडदाची उरण्याची ताकद १ धरली तर मटकीची ९ भागिले १५ म्हणजे ०.६, मुगाची ०.४. याच ताकदीनं पुढं चाललं तर पुढच्या पिढीला उडीद ३९ च्या आसपास, मटकी १४, मूग ६. त्याच्या पुढं उडीद ४७, मटकी १०, मूग ३. हा अंदाज मुलांनी दुसरी फेरी सुरू करायच्या आधी वहीत लिहायचा आणि मग फेरी करायची. “प्रॅक्टिकल कुठं” म्हणणाऱ्याला हे उत्तर. आधी आकडा सांगायचा, मग परात काय म्हणते ते बघायचं.

वाढ बघा की: १०, मग ९, मग ८. हळूहळू कमी होते. का, ते मुलांनाच विचारा. (परात उडदानं भरली की पाखराला उडीदच सापडणार, दुसरं उरलंय काय?)

तांबड्या परातीत नेमकं उलटं, मटकी वाढती. दोन्ही पराती शेजारी ठेवून विचारा, “चांगला दाणा कुठला?” उत्तर येत नाही. यायलाच नको.

एक खोड आहे ती आधीच सांगतो. उडदाला एका कडेला पांढरा डोळा असतोय. काळ्या मातीत तो चमकतोय आणि पोरं तेवढ्यावरनं दाणा पकडतात. ते चुकीचं समजू नका, उलट वापरा: सगळं अंग लपलं आणि एक ठिपका उघडा पडला तर काय होईल?

आणि तिसरी परात विसरू नका: डोळे बांधून. तेच ६० दाणे, तेच ३० वेचायचे, नुसतं चाचपडून. तिथं रंगाची निवड नाही. तरी आकडे बदलणार. ही परात नसली तर बाकी दोन परातींचा अर्थ लागत नाही.

---

कडोली रस्ता

“सवय लागते” हे उदाहरण घ्याच, पण ‘सवय’ शब्द मोडून काढण्यासाठी घ्या.

आमच्या पट्ट्यात कोबी, फ्लॉवर, नवलकोल सगळीकडं. यावरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग औषधाला न जुमानण्याबद्दल जगभर बदनाम आहे. डीडीटीला तो दाद देत नाही ही नोंद जावा बेटावरनं १९५३ मध्येच आली होती. शेतकरी म्हणतो अळी सरावली. एकेक अळी सरावत नाही. जी मरायची ती मेली, जी मरत नव्हती तिची पोरं उरली.

फळ्यावर हा हिशेब मांडा. एका शेतात १ लाख अळ्या, त्यात फक्त १० अशा की जन्मतःच त्या औषधानं मरत नाहीत. औषध चांगलं आहे, साध्या अळ्यांतल्या १०० पैकी ९५ मारतं. पहिल्या फवारणीनंतर साध्या सुमारे ५००० उरल्या आणि त्या १० तशाच. पिढी वाढून परत १ लाख झाल्या की न मरणाऱ्या झाल्या २००. दुसऱ्या फवारणीनंतरच्या पिढीत जवळपास ३८५०. तिसरीनंतर ४४,५००. चौथीनंतर ९४,०००.

शेतात उभं राहून बघितलं तर काय दिसतं? पहिल्या तीन फवारण्यांना औषध झकास. तिसऱ्या वेळीही ९० च्या वर मरतात. चौथ्या वेळी अचानक निम्म्याच मरतात आणि पाचव्याला दुकानदाराशी भांडण, “डुप्लिकेट दिलंस”. बाटली तीच असते. पहिल्या फवारणीपासून आत वाढ चाललेलीच होती, आकडा लहान होता म्हणून दिसत नव्हता.

मग लोक डोस वाढवतात. आता १०० पैकी ९९ मरतात असं धरून तोच हिशेब करा: पहिल्या फवारणीनंतर १०० त १, दुसरीनंतर निम्म्या, तिसरीनंतर जवळपास सगळ्या. जितकी बारीक चाळण तितकं लवकर. (इथं सोपं करायला मी धरलंय की न मरणाऱ्या अळीची सगळी पोरं तशीच निघतात आणि बाहेरून पतंग येत नाहीत. खऱ्या शेतात शेजारच्या न फवारलेल्या रानातले साधे पतंग येऊन मिसळतात, म्हणून वेग कमी होतो.)

त्या कंसातच सगळा उपाय आहे. बीटी कापसाच्या (बोंडअळीला मारणारं द्रव्य झाडातच तयार करणाऱ्या) ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साध्या कापसाचं पाकीट यायचं, भोवतीनं लावायला, ते याचसाठी. साध्या कापसावर साधी बोंडअळी जगावी आणि तिच्या पतंगांनी बीटीतनं वाचलेल्या पतंगांशी जोडी जमवावी. न मरण्याचा गुण दोन्ही आईबापांकडून आला तरच चालत असेल, तर असं मिसळलेलं पोर बीटीवर मरतं. पुष्कळांनी ते पाकीट बांधावर टाकून दिलं. गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटी जनुकाला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झालं.

कोबीत करायचं काय, हेही मुलं घरी सांगतील म्हणून लिहितो. कोबीच्या दर २५ ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी: एक कोबी लावायच्या १५ दिवस आधी, दुसरी लावल्यावर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालायला जातो, फवारणी मोहरीवर आटोपते. औषध बदलताना बाटलीवरचं नाव बघू नका, आतला घटक कुठल्या गटाचा ते बघा (औषध अळीला कसं मारतं त्यावरून हे गट पाडलेत, त्यांना आकडे दिलेत). क्लोरपायरीफॉस सोडून प्रोफेनोफॉस घेतलं तर काहीच बदललं नाही, दोन्ही १बी गटाचे, अळीच्या एकाच ठिकाणी मार देतात. स्पिनोसॅड ५, इमामेक्टिन ६, इंडोक्साकार्ब २२, क्लोरँट्रानिलीप्रोल २८, हे खरे वेगवेगळे. आणि बदल फवारणीगणिक नको, अळीच्या पिढीगणिक हवा. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंत दोन-तीन आठवडे लागतात. तेवढ्या मुदतीत एकच गट ठेवा, पुढच्या पिढीला तो गट दाखवूच नका.

---

घटप्रभा

वरचा हिशेब बरोबर, पण वर्गातलं एखादं पोर विचारेल: त्या १० अळ्या आधीपासून होत्या कशावरून? औषध अंगावर पडल्यावर काहींच्यात बदल झाला असेल तर? प्रश्न अगदी रास्त आहे आणि याचं उत्तर १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी दिलं. मला विचाराल तर शाळेत शिकवायला यापेक्षा देखणा प्रयोग नाही, आणि यात नुसती मोजणी आहे.

जिवाणू घेतले आणि त्यांना मारणारा विषाणू घेतला. थोडेसे जिवाणू २० वेगवेगळ्या नळ्यांत टाकून वाढू दिले, कोट्यवधी होईपर्यंत. मग प्रत्येक नळीतले जिवाणू विषाणू पसरलेल्या वेगळ्या बशीत ओतले आणि किती ठिपके, म्हणजे वाचलेल्यांच्या किती वस्त्या उगवतात ते मोजलं.

आता दोन शक्यता. विषाणू भेटल्यावर काही जिवाणू ‘सरावत’ असतील, तर भेट सगळ्या बश्यांत एकाच वेळी, सारख्याच संख्येला झालीय. ठिपके प्रत्येक बशीत थोड्याफार फरकानं सारखे यायला हवेत. पण बदल आधीच, नळीत वाढताना, योगायोगानं होत असेल, तर तो कुठल्या नळीत लवकर झाला यावर सगळं अवलंबून. लवकर झाला तर त्याची पोरं-नातवंडं मिळून मोठी फौज, उशिरा झाला तर दोन-चार, झालाच नाही तर शून्य.

एका खेपेला आलेले २० बश्यांचे आकडे हे: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. सरासरी ११ च्या वर, पण ११ बश्या कोऱ्या आणि एकीत १०७. सरावण्याचा तर्क इथं पडला. बदल विषाणू भेटायच्या आधीच झालेले होते. विषाणूनं ते घडवले नाहीत, फक्त उघडे पाडले.

मुलांना हे आकडे द्या, सिद्धांत सांगू नका. दोन्ही शक्यता मांडा आणि कुठली जुळते ते त्यांनाच ठरवू द्या. दहा मिनिटं पुरतात.

वेदगंगांच्या परातीत मात्र ही बाजू नाही, हे सांगून टाका. दाण्यांत नवा रंग कधीच निघत नाही, तीनाचे चार होत नाहीत. परात फक्त निवड दाखवते, फरक कुठून येतात ते दाखवत नाही. डार्विनलाही तो दुवा सापडला नव्हता. त्याच्या काळात समज असा की आईबापांचे गुण चहात दूध मिसळावं तसे मिसळतात. मग नवा गुण दोन-चार पिढ्यांत पातळ होऊन जाणार, निवडायला उरणार काय? ही हरकत १८६७ मध्ये जाहीरपणे घेतली गेली आणि तिला धड उत्तर नव्हतं. उत्तर मेंडेलच्या वाटाण्यांत होतं, १८६६ मध्ये छापूनही झालं होतं, पण लोकांनी ते १९०० मध्ये वाचलं. गुण मिसळत नाहीत, दाण्यासारखे सुटे राहतात. सिद्धांताला भोक होतं आणि ते भरलं गेलं, हे मुलांपासून लपवायचं कारण नाही.

---

तिळारी घाट

एवढं लांब कशाला जायचं? दांडेलीच्या काळी व्याघ्र प्रकल्पात (काळी हे नदीचं नाव) काळा बिबट्या दिसतो, भीमगड अभयारण्याला लागूनच. दाट, ओल्या, अंधाऱ्या जंगलात काळा रंग लपतो. निसर्गाची निवड म्हणून हेच द्या की.

---

घटप्रभा

उदाहरण मोहक आहे, म्हणूनच जपून. काळा बिबट्या वेगळी जात नव्हे, रंगाचा एक जनुकी बदल. बिबट्यात तो अप्रभावी असतो, आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू काळं. म्हणून दोन ठिपकेवाल्यांच्या पोटी काळं पिल्लू येऊ शकतं. ओलसर दाट जंगलांत काळ्यांचं प्रमाण जास्त आढळतं हे खरं, आणि ते निवडीशी जुळतं. पण ‘लपतो म्हणून टिकला’ हे अजून गृहीतक आहे. त्यासाठी काळे आणि ठिपकेवाले यांची उरलेली पिल्लं मोजायला हवीत, डॅफ्नेवर चोचींची मोजली तशी. जुळणारी गोष्ट सांगणं आणि तपासलेली गोष्ट सांगणं यातला फरक दाखवायला मात्र हे उदाहरण सुरेख आहे. फिंच एका बाजूला लिहा, काळा बिबट्या दुसऱ्या, आणि मुलांना विचारा: तीन अटींपैकी कुणाच्या किती मोजून झाल्यात?

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. चाचणी घेतली. काळ्या परातीत पहिल्या फेरीनंतर उडीद २८. पण डोळे बांधलेल्या परातीतही उडीद २० चे २४ झाले. म्हणजे प्रयोग फसला का? मुलं म्हणतात उडीद तसाच नशीबवान आहे.

---

वेदगंगा

फसला नाही ओ बाई, उलट बरोबर चाललंय. ६० तले ३० आंधळेपणानं उचलले तर २० उडदांतले सरासरी १० उरणार, पण सारखे १० नाहीत. त्या योगायोगाचा पसारा मोजला तर साधारण २ दाण्यांचा येतोय (प्रमाण विचलन १.८). दुप्पट केल्यावर जवळजवळ ४ चा. म्हणजे आंधळ्या परातीत पुढच्या पिढीला १६ ते २४ यात काहीच विशेष नाही. २८ मात्र सरासरीपासून दोन पसाऱ्यांच्या बाहेर आहे, तो नुसत्या नशिबानं क्वचितच येतोय.

एका परातीवर विश्वास ठेवू नका. सहा गट करा, सहाही आंधळ्या परातींचे आकडे एकाखाली एक लिहा. कुणाचे २४, कुणाचे १६, सरासरी २० च्या जवळ येते, फार तर १७ ते २३. सहा काळ्या परातींची सरासरी २८-३० वरच बसली तर ती निवड. योगायोग कधी इकडं कधी तिकडं जातोय, निवड एकाच बाजूला ओढती.

अजून हवं असेल तर एक आंधळी परात फक्त १२ दाण्यांची करा, ४-४-४, आणि प्रत्येक फेरीला ६ वेचा. काही फेऱ्यांतच एखादा रंग नुसत्या योगायोगानं नाहीसा होताना दिसेल, आणि एकदा गेला की परत येत नाही. लहान कळपात हेच होतंय.

आणि चाचपडताना पोरांची बोटं परातीच्या मधेच फिरतात, कडेचे दाणे राहून जातात. प्रत्येक दाण्याला परात पाव फेरा फिरवायला एकाला बसवा.

---

कडोली रस्ता

आणि दोन तासिकांत चार फेऱ्या होत नाहीत, बाई. तीनच धरा. पहिल्या तासिकेत फिंच आणि एक फेरी, दुसरीत दोन फेऱ्या आणि अळीचा हिशेब. दाण्यांचे ढीग आदल्या दिवशी २०-२० मोजून कागदाच्या पुड्या बांधून ठेवा, वर्गात मोजायला बसलात तर अर्धी तासिका तिथंच जाते. उरलेलं धान्य माती पाखडून संध्याकाळी कोंबड्यांना.